चरबी मोजणारा वजनकाटा: आठ महिने वापरल्यावर

मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. त्यामुळेच असेल, पण या काट्याशी माझं पहिलं भांडण बेरजेवरून झालं. पहिल्या दिवशी मोबाईलवर आकडे आले: वजन 65.8 किलो, चरबी 22.6 टक्के, स्नायू 73.1, पाणी 53.1, प्रथिनं 16.9. बेरीज 165.7. हाडांचे 2.8 किलो वेगळेच. असा ताळेबंद मी ऑफिसात पुढे सरकवला असता तर ऑडिटरनं चहासुद्धा घेतला नसता.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर उलगडा झाला. चरबी, स्नायू आणि हाडं ही तीन मुख्य खाती. ती किलोत मांडली की 14.9, 48.1 आणि 2.8, म्हणजे बरोब्बर 65.8. पाणी आणि प्रथिनं ही त्यातलीच पोटखाती. आणि 'स्नायू' म्हणजे नुसते दंड-मांड्या नव्हेत; यकृत, आतडी, काळीज सगळं त्यातच धरलेलं असतं. ॲपमध्ये हे एका ओळीत सांगता आलं असतं. त्याऐवजी तिथे प्रोटीन पावडरची जाहिरात आहे.

काटा घ्यायचं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) 6.1 आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंची 170 सेंटीमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) 22.8, शर्टाचं माप लग्नापासून तेच. घरात सगळ्यांना वाटलं, लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या. डॉक्टरांनी काही न बोलता टेबलाच्या खणातून टेप काढली आणि पोटाभोवती लावली. 93 सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या पुढे धोका धरतात, बायकांना 80 च्या पुढे. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, हा प्रकार त्यांना चांगला ओळखीचा होता.

त्यांनीच मग पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजायच्या तपासणीत, युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या 21.2. म्हणजे काट्यावर जुळे आणि आतून निम्म्याहून जास्त फरक. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून हा अभ्यास केला आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं इतकी हलकी असूनही त्यांची पाठीवरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. हे ऐकल्यावर मला 'आपण बारीक आहोत' या वाक्याचीच भीती वाटायला लागली. त्याच आठवड्यात 1,899 रुपये मोजून काटा मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे साधारण एकाच जातीचे आहेत.

हे यंत्र चरबी 'बघत' नाही, हे आधी समजून घ्या. काचेवर धातूच्या चार पट्ट्या असतात. एका पायातून अगदी बारीक, जाणवणारही नाही असा विजेचा प्रवाह वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. स्नायूंत पाणी आणि क्षार असतात, त्यातून वीज सहज जाते, चरबी अडवते. किती अडलं तेवढंच काटा खरोखर मोजतो. पुढचं सगळं तुम्ही भरलेली उंची, वय, स्त्री की पुरुष हे एका सूत्रात घालून काढलेलं असतं.

सूत्राचा वाटा किती, हे पाहायला मी एका रविवारी खेळ केला. पाच मिनिटांत, त्याच पायांनी, त्याच फरशीवर. ॲपमध्ये उंची पाच सेंटीमीटर वाढवली, चरबी उतरली. मग खरी उंची भरून 'ॲथलीट' हे बटण चालू केलं: 22.6 वरून थेट 16.4. सहा टक्के चरबी एका बोटानं गेली, तेही नाश्त्याआधी. नंतर ते बटण बंद केलं, एक तांब्या, म्हणजे साधारण लिटरभर पाणी प्यायलो आणि पुन्हा चढलो. वजन किलोभर वाढलं हे ठीक, पण चरबी 23.4 टक्के! हिशेब केला तर त्या पाण्यातला पाऊण किलो चरबीच्या खात्यात जमा झाला होता. प्रवाह पायांतून फिरतो, पाणी पोटात. काट्याला ते दिसणार कुठून?

म्हणूनच 'व्हिसरल फॅट', म्हणजे आतड्यांभोवतीची चरबी, हा जो आकडा मोठ्या अक्षरांत येतो त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ज्या पोटासाठी काटा घेतला, त्या पोटात हा प्रवाह धड शिरतही नाही. 'शरीराचं वय' तर विसराच. माझं 47 दाखवतो, बायकोचं 39. या आकड्यानं घरात काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता जागेचं. आमच्या मागच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे, जरा उंचसखल. तिथे काटा डावीकडे सरकवला की वजन 400 ग्रॅमनं बदलायचं, कारण चार कोपऱ्यांखालचे सेन्सर सारखे टेकतच नव्हते. शेवटी हॉलमध्ये एका सपाट टाइलवर खडूनं चौकोन आखला. वेळही ठरवून घेतली: शनिवारी सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज चढायचो तेव्हा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आनंद आणि लग्नाच्या पंगतीनंतर सुतक, असं चाललं होतं. ती सगळी मीठ-पाण्याची ये-जा. आठवड्यातून एकदा घेऊन चार आठवड्यांची सरासरी काढायला लागलो तेव्हा कुठे आकड्यांत अर्थ दिसायला लागला.

मग खात्री करावी म्हणून दुसऱ्या महिन्यात डेक्सा करून घेतलं. हे हाडांची घनता मोजायचंच मशीन; दोन वेगवेगळ्या शक्तीचे क्ष-किरण वापरून हाडं, चरबी आणि बाकीचं वेगळं काढतं. दहा-बारा मिनिटं नुसतं पडून राहायचं, किरणांची मात्रा फार कमी. तिथे माझी चरबी 28.9 टक्के निघाली. घरचा काटा त्याच सकाळी 22.4 सांगत होता. साडेसहा टक्क्यांची तफावत! घरी येताना काटा परत करायचाच या विचारात होतो, पण परतीची मुदत संपली होती.

बरं झालं संपली होती. आठव्या महिन्यात पुन्हा डेक्सा केलं: 26.0. त्या दिवशी काट्यावर 20.1. आकडा पहिल्यापासून खोटाच, पण उतरला जवळजवळ सारखाच. सुरुवातीची शिल्लक चुकलेली असली तरी महिन्याचे जमा-खर्च बरोबर लिहिणारा कारकून म्हणा ना. या काळात वजन 65.8 वरून 65.1 झालं, फक्त 700 ग्रॅम. साधा काटा असता तर तिसऱ्या महिन्यातच मी जोर-बैठका सोडून दिल्या असत्या. कंबर 87 वर आली, एचबीएवनसी 5.8. रात्रीचा भात अर्धा केला, संध्याकाळी मोड आलेली कडधान्यं आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, एवढंच केलं.

आईच्या बाबतीत मात्र काट्यानं मला चांगलंच फसवलं असतं. ती 71 वर्षांची. गेल्या पावसाळ्यातल्या आजारपणात तिचं वजन 54 वरून 49 झालं आणि येणारा प्रत्येक नातेवाईक म्हणायचा, "छान बारीक झालात हो!" मी तिला काट्यावर उभं केलं. टाचांच्या भेगांमुळे प्रवाहच जाईना, स्क्रीनवर नुसत्या रेघा. ती म्हणाली, "अरे, माझं काय सोनं तोलायचंय का?" ओल्या फडक्यानं तळपाय पुसले तेव्हा आकडे आले: चरबी 31 टक्के, शेजारी हिरवी खूण, 'आदर्श'.

पण ही 'आदर्श' बाई सोफ्यावरून उठताना हातांनी रेटा द्यायची. फिजिओथेरपिस्टनं तिला हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावली. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर आशियाई मापांप्रमाणे ती धोक्याची खूण. आईला 17 लागले. हाताची पकड 14 किलो भरली. बायकांची 18 च्या खाली गेली की कमकुवत धरतात. ते पाच किलो उतरले म्हणून सगळे कौतुक करत होते, त्यात बराचसा तिचा स्नायू होता. तेव्हापासून तिच्या ताटात दोन्ही वेळा वरणाची मोठी वाटी, रोज एक अंडं (हो, आमच्या घरात, आणि तिनंच मागितलं) आणि दुपारच्या मालिकेच्या जाहिरातींत खुर्चीवरून उठ-बस. आता 13 सेकंद लागतात. काट्याची खूण तेव्हाही हिरवी होती, आजही हिरवीच आहे.

एक धोक्याची गोष्ट. पाहुणे आले की सगळ्यांनाच त्यावर चढायची हौस येते. दिवाळीत काका अनवाणी चढायला निघाले होते; त्यांना पेसमेकर आहे. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये, गरोदर बायकांनीही नाही. पण ते पत्रक खोक्यात राहतं आणि काटा हॉलमध्ये. मी काचेवर स्केचपेननं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.

ॲपची तक्रार शेवटी लिहितोय, कारण ती लिहायला बसलो की राग येतो. पाचव्या महिन्यात अपडेट आलं आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. कंपनीला दोन मेल केले; दोन्हींना एकच उत्तर, 'ॲप पुन्हा इन्स्टॉल करा'. माझं नशीब की शंभर पानी वहीत सगळं लिहून ठेवतो: तारीख, वजन, चरबी, कंबर, आणि आता आईचे सेकंद. ब्लूटूथही दर दोन-तीन आठवड्यांनी रुसतं. सेल मात्र अजून पहिलेच आहेत.

पुन्हा घ्यायचा झाला तर हातात धरायची दांडी असलेला घेईन, त्यात प्रवाह हातांतून आणि धडातूनही जातो. किंमत कितीतरी पट आहे, म्हणून सध्या हाच. कंबरेसाठी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातून 20 रुपयांची टेप आणली. वहीतला तो रकाना मी चरबीच्या आधी भरतो.