ताकदीचं इंजेक्शन घेतलं आणि काउंट शून्यावर आला

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. बायकोच्या सगळ्या तपासण्या लातूरला झाल्या, नॉर्मल निघाल्या, तरी गावात बोल तिलाच. शेवटी मी स्वतःची तपासणी केली. शुक्राणू मिलीला 60 लाख. निदान 1 कोटी 60 लाख पाहिजेत, असं लॅबच्या कागदावरच छापलेलं. माझे कमी होते, पण होते.

लाजेपायी मोठ्या दवाखान्यात गेलो नाही. एसटी स्टँडजवळच्या गाळ्यावर 'गुप्त समस्या, गॅरंटीनं इलाज' असा बोर्ड होता, तिथं शिरलो. माणसानं रक्त तपासलं नाही, अंगाला हात लावला नाही. "हार्मोन कमी पडलाय. बारा इंजेक्शनं घ्या, दर आठवड्याला एक. वर्षात पेढे आणता बघा." एकाचे 1500. सोयाबीनच्या पट्टीतले 18 हजार तिथं गेले, पुड्यांचे 6 हजार वेगळे. बिल मागितलं तर म्हणाला, आयुर्वेदिकला बिल नसतं.

औषध पिवळसर, तेलासारखं घट्ट. सिरिंजमध्ये ओढायला त्याला वेळ लागायचा. काचेच्या कुपीवरचं लेबल नखानं खरवडलेलं असायचं. टोचल्यावर दोन दिवस गाठ ठणकायची. पण महिनाभरात अंगात जोर आला, इच्छा वाढली. म्हणूनच मला संशय आला नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. रिपोर्टवर एकच शब्द, 'निल'.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "दादा, ताकदीचं किंवा जिमचं इंजेक्शन घेतलंत का?" शेवटची कुपी मी कागदात गुंडाळून ठेवली होती. अर्धवट लेबलावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, असं वाचता आलं. रक्तात एलएच आणि एफएसएच, म्हणजे अंडकोषांना कामाला लावणारी दोन हार्मोन्स, जवळजवळ शून्य.

मॅडम म्हणाल्या, "टँकरनं टाकी भरली की फ्लोट वर जातो आणि बोअरची मोटर बंद पडते ना? तसंच झालंय." रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसला की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच, एफएसएच सोडणं थांबवते. मग अंडकोष स्वतःचा टेस्टोस्टेरॉन बनवत नाहीत. शुक्राणूंना अंडकोषाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतो, बाहेरून टोचलेला तिथं पुरत नाही. 1990 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. मूल व्हावं म्हणून मी पदरचे पैसे घालून तेच टोचून घेत होतो.

मॅडमनी उभं करून तपासलं. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा. मूळ कारण हे असू शकतं, आणि ते पाच मिनिटांत सापडलं.

इंजेक्शन बंद केल्यावर दोन महिने अंगात त्राण नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा एचसीजी नावाच्या हार्मोनचं इंजेक्शन घेतो. ते एलएचचं काम करतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे घाई करून भागत नाही.

भावांनो, मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन कुणाच्याही सांगण्यावरून टोचून घेऊ नका. आधी रक्त तपासून घ्या, तेही सकाळी, आणि एका रिपोर्टवर थांबू नका. अशा 'ताकदीच्या' इलाजाच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे.

गेल्या आठवड्यात पाचव्या महिन्याचा रिपोर्ट आला, 12 लाख. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला आणि उंबऱ्यात बसून दोनदा वाचला.