पेम्ब्रोलिझुमॅब: आईच्या उपचारांचा आमचा अनुभव

आईच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता. तिला पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी सुरू आहे आणि गाठी लहान झाल्या आहेत. औषधाबद्दल माझं मत फार चांगलं आहे, पण ते सगळ्यांना चालत नाही.

सगळं एका तपासणीवर ठरतं: एमएमआर. डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही प्रथिनं बायोप्सीत आहेत की नाहीत, ते बघतात. एखादं नसेल तर गाठीत चुका साचत जातात आणि शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी म्हणून ओळखता येते. पण कॅन्सर त्या पेशींचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून धरतो. औषध तो ब्रेक सोडवतं. पसरलेल्या आजारात असे रुग्ण शंभरात जेमतेम ४-५. बाकीच्यांना नुसत्या या औषधाचा सहसा उपयोग होत नाही.

आईच्या पहिल्या रिपोर्टात ही तपासणीच नव्हती, याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागवून ती करून घेतली आणि एमएसएच२ नसल्याचं कळलं. केमो सुरू करण्याआधी हे विचाराच. २०२० च्या कीनोट-१७७ चाचणीत अशा रुग्णांचा आजार केमोवर ८.२ महिने आटोक्यात राहिला, पेम्ब्रोलिझुमॅबवर १६.५ महिने (दोन्ही मध्यक आकडे, म्हणजे निम्म्या रुग्णांत याहून जास्त, निम्म्यांत कमी).

दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासाचं सलाईन. केस गेले नाहीत, उलट्याही नाहीत. मात्र साइड इफेक्ट नाहीत असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवरही उलटते. आईचं थायरॉइड मंदावलं. थकव्याने वेणी घालायलाही हात उचलेना. आता रोज गोळी, बहुधा कायमची. डे-केअरची सिस्टर दर वेळी आधी संडासचं विचारते, मग खोकला आणि दम. आईला ते अवघड वाटतं, मला त्या सिस्टरचं फार कौतुक आहे. जुलाब लपवले तर आतड्याची सूज हाताबाहेर जाऊ शकते. वेळीच कळलं तर औषध थांबवून स्टेरॉइड देतात.

एमएसएच२ नव्हतं म्हणून आईची जनुकीय तपासणीही झाली. लिंच सिंड्रोम निघाला. हा आतड्याच्या आणि इतर काही कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष आहे, म्हणजे आम्हा प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता ५० टक्के. माझी तपासणी झाली. मला आहे, आणि माझी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आता नियमित सुरू झाली आहे. भावाची व्हायची आहे.