देणगी मोहिमेचं पॅकेज: फ्लेक्सपेक्षा हिशोबपट्टी भारी

मोंढ्याजवळचे (धान्यबाजाराजवळचे) काही छपाईवाले संस्थांना देणगी मोहिमेचं अख्खं पॅकेज देतात: १० बाय ६ चा फ्लेक्स, क्यूआर कोडची दानपेटी, स्टेटसचं डिझाइन आणि आडतीच्या हिशोबपट्टीखाली, म्हणजे माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला देतो त्या हिशोबाच्या कागदाखाली, छापायची चार ओळींची जाहिरात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याचं सोयाबीन पाण्यात गेलं. हात असा आखडलेला असताना पॅकेजमधली सगळ्यात स्वस्त वस्तूच खरी कामाची आहे, ती म्हणजे पट्टी.

वजन, हमाली, तोलाई, उचल असं करत शेतकरी पट्टी ओळ न ओळ वाचतो, आणि त्याच वेळी हातात पैसे असतात. तिथं ‘सढळ हाताने मदत करा’ छापलं तर जागा वाया जाते. ‘कट्ट्यामागे ५ रुपये, वसतिगृहातल्या मुलींच्या जेवणासाठी’ असं लिहा. रक्कम मालाच्या मापात सांगितली की दहा कट्टेवालाही (दहा पोती आणणाराही) संकोच न करता देतो. मात्र पट्टीतून परस्पर कपात अजिबात नको. देणगी वेगळी घ्यायची, पावती संस्थेच्या नावाची. एकदा कापल्याचा संशय आला की त्या आडतीवर संस्थेचं नाव कायमचं खराब होतं.

फ्लेक्स घेणारच असाल तर चकाकणारा नको, उन्हात मोबाइलला कोड दिसत नाही. दहा फुटांवरून स्कॅन व्हायला कोड फूटभर लागतो. पेटीवर तीन-चार इंच पुरतो. भोवतीची पांढरी किनार डिझाइनवाले हमखास कापतात आणि मग कोड चालतच नाही, म्हणून प्रूफ हातात आल्यावर साध्या मोबाइलवर तपासा. पैसे पाठवताना संस्थेचंच नाव दिसलं पाहिजे; अध्यक्षांचं वैयक्तिक खातं दिसलं की माणूस मोबाइल खिशात घालतो. आपल्या कोडवर कुणी दुसरा स्टिकर तर चिकटवला नाही ना, हे रोज संध्याकाळी बघा.

तयार डिझाइनमधली ‘८०जी करसवलत’ (देणगीवर आयकरात मिळणारी सूट) ही ठळक ओळ मात्र बदलून घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, नव्या करप्रणालीत तर नाहीच. व्यापाऱ्याला हे नंतर कळलं तर पुढच्या वर्षी तो दारात उभं करणार नाही.

पट्टी आणि पेटी जरूर घ्यावी. स्टेटसचं डिझाइन ठीकठाक. फ्लेक्सचे पैसे वाचवून आणखी आडतींच्या पट्ट्या छापाव्यात.