टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन खोलायला देताय? माझे १४,९०० कसे गेले ते वाचा

एकूण १४,९०० रुपये. त्यातले १०,९०० पहिल्या बिलाचे आणि ४,००० दुसऱ्यांदा ॲडव्हान्स म्हणून उकळलेले. गॅरेजवाला आपल्या सांगलीतलाच आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकील म्हणतात तोंड आवरा. नावापुरतं आवरतो, बाकी सगळं सांगणार.

गाडी किनेटिक होंडा, १९९७ ची, वडिलांची. २०१९ च्या महापुरातून निघालेली. "भंगारात घाला की ती" म्हणणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. पिस्टन घासला होता, पिकअप गेला होता, इंजिन काढणं भागच होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार बिलातल्या दोन ओळींबद्दल आहे. पॅडच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं बिल असं: बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) आणि पिस्टन किट २,८५०, क्रँक बेअरिंग आणि ऑईल सील १,९००, ऑईल पंप नवीन ३,२००, पंप प्रायमिंग ४५०, मजुरी २,५००. पाच हजार फोनवरून दिले, उरलेले ५,९०० "कॅश द्या काका, लेथवाल्याला द्यायचेत" म्हणून रोख घेतले. रोख का मागतात ते सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण आठ-दहा माणसं भोवती उभी असताना आणि गाडी सुरू करून समोर आणलेली असताना कोण वाद घालत बसतं?

जुन्या स्कूटरवाल्यांना सांगायला नको, पण नवीन पोरांसाठी लिहितो. या गाडीत एरवी पेट्रोलमध्ये ऑईल कालवायचं नसतं. टू-टी ऑईलची (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल) टाकी वेगळी, तिथून बारीक नळीने पंपात आणि पंपातून इंजिनात. टू-स्ट्रोकला खाली ऑईलचा चेंबर नसतो, पिस्टनला मिळतं ते एवढंच. पंप खोलला की त्यात आणि नळीत हवा शिरते. पंप एका फेऱ्याला थेंबापेक्षाही कमी ऑईल ढकलतो, म्हणजे नळी भरेपर्यंत इंजिन कोरडंच फिरणार. म्हणून पंपाचा छोटा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची, पुढची नळी सिरिंजने भरायची, आणि तरीही पहिल्या पेट्रोलमध्ये लिटरला २०-२५ मिली ऑईल हाताने घालायचं. हे सगळं म्हणजे ते ४५० रुपयांचं प्रायमिंग. चांगला मिस्त्री ते फुकट करतो, कारण त्याला गाडी परत यायला नको असते.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं सणकतं. गॅरेजवाल्याने स्टार्टर दाबला आणि गाडी धूर न काढता सुरू झाली. जरासुद्धा नाही! नवीन बोअर, नवीन पिस्टन, टू-स्ट्रोक इंजिन, आणि सायलेन्सरमधून स्वच्छ हवा. मी काय म्हणालो असेन? "वा, लई भारी काम केलंय." धूर नाही म्हणजे ऑईल जळत नाही, आणि ऑईल जळत नाही म्हणजे ते आत पोचतच नाही, एवढं साधं गणित. पेट्रोलमध्ये थोडं ऑईल घालू का, असं मी विचारलंही होतं, हे लक्षात घ्या. त्यावर तो म्हणाला, "नको नको, पंप नवा आहे, प्लग काळा होईल. बिनघोर जावा." मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यात हात घालून ओल किती ते सांगणारा माणूस मी, तिथे मला कोणी चार किलोला फसवू शकत नाही. पण मिस्त्रीनेच नको म्हटल्यावर गिऱ्हाइकाने काय करायचं, त्याच्या हातातून पाना काढून घ्यायचा?

मिरजेकडे जाताना विजयनगरच्या पुढे आवाज जड झाला, इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. किक खाली जाईना. टेम्पोत घालून परत त्याच्याकडे. त्याने झाकणसुद्धा न उघडता निदान केलं: "ऑईल भेसळीचं घातलंय तुम्ही. आता परत बोअर, परत पिस्टन." ऑईल त्यानेच भरलेलं! तरी ४,००० घेतले, कारण गाडी त्याच्या ताब्यात आणि मला रोज यार्डात जायचं. नंतर चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग फोन बंद.

शेवटी मेव्हण्याला घेऊन गेलो, गाडी उचलून आणली आणि मिरजेत एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पिस्टन काढून हातात दिला. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटून बसलेली. मग पंपाकडे बोट केलं. वरून चंदेरी रंग मारलेला, पण हवा काढायच्या स्क्रूची खाच वर्षानुवर्षांच्या मातीने आणि तेलाने दगडासारखी भरलेली. त्यात कधी स्क्रूड्रायव्हर गेलेलाच नाही. म्हणजे ३,२०० चा नवा पंप हा आमचाच जुना, आणि ४५० चं प्रायमिंग म्हणजे फक्त पेनाची शाई. पुढची नळी कोरडी ठणठणीत. मिस्त्रींनी तोच पंप साफ केला, हवा काढली, ५,६०० मध्ये सगळं इंजिन पुन्हा बांधलं आणि जुने पार्ट पिशवीत घालून दिले. मागावे लागले नाहीत. जुने पार्ट "लेथवाल्याकडे राहिले" असं कोणी म्हणालं की तिथेच समजा.

आता आपले साहेब लोक. चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, "ही दिवाणी बाब आहे, ग्राहककडे जावा." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे ना, असं म्हटलं तर, "तुम्ही वकील आहात का?" अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. ग्राहकांच्या नावाने चालणाऱ्या कार्यालयात साहेब जेवायला, मग मीटिंगला, मग दौऱ्यावर. भेटले तेव्हा म्हणाले, पक्कं बिल आणा. अहो, पक्कं बिल देणारा असता तर मी इथे कशाला आलो असतो? स्क्रूचा फोटो दाखवला तर विचारतात, "हा कशाचा फोटो आहे?" दोन मिनिटं समजावलं. ऐकून म्हणाले, आधी नोटीस पाठवा. नोटीस पाठवली, तर आता म्हणे अर्ज ऑनलाईनच लागतो. हे पहिल्या दिवशी सांगायला काय तोंडाला कुलूप होतं? पोटाला चिमटा घेऊन टॅक्स भरायचा आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हेलपाटे घालायचे. आणि तो गॅरेजवाला रोज सकाळी उदबत्ती लावून शटर उघडतोय!

जे कोणी सांगितलं नाही ते मी सांगतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते आणि वकील नसला तरी चालतं. फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद हाही पुरावा असतो, म्हणून रोख देऊ नका, लेथवाला उपाशी मेला तरी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. इंजिन खोलायच्या आधी पंपावर कोपऱ्यात खिळ्याने खूण करा आणि फोटो काढा. हवा आपल्यासमोर काढायला लावा, नळीत बुडबुडा दिसला तर गाडी हलवू देऊ नका. पंप खोलल्यावर पहिल्या पेट्रोलमध्ये ऑईल घालू नका म्हणणाऱ्याचं ऐकू नका, प्लग काळा झाला तर नवीन प्लग घ्या, पिस्टनपेक्षा स्वस्त पडतो. आणि ऑईलच्या टाकीला पेनाने रेघ मारा. गाडी फिरूनही पातळी रेघेवरच असेल तर जागीच बंद करा.

नोटीस मिळाल्यावर गॅरेजवाल्याचा दुसऱ्या नंबरवरून फोन आला होता. "काका, दोन हजार घ्या आणि मिटवा." मी म्हटलं, १४,९०० आणि मिरजेचे ५,६००, एकूण २०,५००, त्यात टेम्पोभाडं धरलेलं नाही. त्यावर त्याने फोन ठेवला. अर्ज भरून झालाय. चिठ्ठीचा कागद मी लॅमिनेट करून घेतलाय, पंपाच्या ओळीखाली लाल रेघ मारून.