स्वस्तातला वायफाय ६ राउटर, जुना राउटर आणि एक लांब केबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्याच दोन खोल्यांत आमचं छोटं ऑफिस चालतं. दोन लॅपटॉप, एक डेस्कटॉप, प्रिंटर, दाराजवळचा कॅमेरा आणि घरातल्या सगळ्यांचे फोन. हा सगळा पसारा बरेच महिने एक कमी किमतीतला ‘एएक्स १५००’ (एएक्स म्हणजे वायफाय ६) राउटर सांभाळतोय, आणि छान सांभाळतोय. या किमतीत यापेक्षा जास्त काही मागावं असं मला वाटत नाही. पण तो कशामुळे नीट चालतोय ते सविस्तर सांगायला हवं, कारण बॉक्सवर त्यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं.

आधी तो आकडा. १५०० म्हणजे एका लॅपटॉपला १५०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे वेगाचं माप) मिळणार असं नाही. ५ गिगाहर्ट्झचे १२०१ आणि २.४ गिगाहर्ट्झचे ३०० यांची ती बेरीज आहे, आणि लॅपटॉप साधारणपणे या दोनपैकी एका वेळी एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) असतो. त्यातही हे कागदावरचे आकडे. त्याच खोलीत बसून मोठी फाइल कॉपी केली आणि निम्म्याच्या आसपास वेग मिळाला, तर राउटर चांगला आहे असं समजा. ‘एसी १२००’ या आधीच्या पिढीतल्या (वायफाय ५) राउटरांचंही तसंच, ८६७ अधिक ३००. पण त्या वर्गातल्या बऱ्याच स्वस्त राउटरांचे मागचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असतात. मग कनेक्शन ३०० चं घ्या नाहीतर ५०० चं, घरात १०० च्या वर काही येत नाही. म्हणून विकत घेताना अँटेना किती आहेत ते मोजत बसू नका, पोर्टांपुढे ‘गिगाबिट’ किंवा ‘१०/१००/१०००’ छापलंय का ते बघा. मी हा राउटर मुख्यतः त्यासाठीच निवडला.

५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे ठीक चालतं, दुसऱ्या भिंतीनंतर मात्र ढेपाळतं. मागच्या खोलीसाठी रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, घ्या असं सगळे सुचवतात. मी घेतला नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. त्याऐवजी घरात पडून असलेला जुना राउटर मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेटवर्क नुसतं वायफायवर देणारं यंत्र, म्हणून लावला. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला (नवीन राउटर १९२.१६८.१.१ वर आहे), त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, आणि नव्या राउटरकडून आलेली केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावली. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, २.४ वर चॅनल मात्र वेगळे दिले, एकाला १ आणि दुसऱ्याला ११. फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेलं की तो आपोआप जवळचा सिग्नल पकडतो. या मांडणीवर मी मनापासून खूश आहे.

केबल कॅट ५ई घेतली. १०० मीटरपर्यंत गिगाबिटला ती पुरते, घरासाठी त्याहून महागडी घ्यायची गरज नाही. पण टोकं तपासून घ्या. डेस्कटॉपकडे जाणाऱ्या केबलवर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० च दिसत होता, इंटरनेट तर व्यवस्थित चालू. कनेक्टर प्रकाशासमोर धरून पाहिला तर तपकिरी जोडीतली एक तार पिनपर्यंत पोचलेलीच नव्हती. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला मात्र आठही तारा हव्यात. टोक कापून नवीन कनेक्टर क्रिंप केल्यावर (पकडीने दाबून बसवल्यावर) लगेच १००० दिसायला लागलं. अशी केबल कधीच तक्रार करत नाही, मुकाट्याने हळू चालते, म्हणून लिंक स्पीड एकदा तरी उघडून बघाच.

प्रिंटरने डोकं खाल्लं. लाइट गेली-आली की तो ‘ऑफलाइन’ दाखवायचा, कारण राउटर त्याला नवा आयपी पत्ता द्यायचा आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसायचा. राउटरच्या डीएचसीपीमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवला, त्यानंतर तक्रार नाही. प्रिंटर आणि कॅमेरा दोन्ही फक्त २.४ वाले आहेत आणि वायफायच्या सुरक्षेसाठी नुसतं डब्ल्यूपीए३ हे नवं मानक ठेवलं तर जोडलेच जात नाहीत, म्हणून डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र मोड ठेवलाय. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं.

डेस्कटॉपला केबल येण्याआधी वायफायसाठी यूएसबी डोंगल होता. त्याच्या शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय अडखळायचं. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात येतो. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब नेला, तेवढ्यानेच फरक पडला.

नव्या राउटरबद्दल माझी एकच नाराजी, त्याचा ॲडॉप्टर चांगलाच तापतो. म्हणून तो बंद कपाटात न ठेवता उघड्यावर ठेवलाय. जुन्या राउटरला कंपनीकडून फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट येणं बंद झालं होतं, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, मुक्त फर्मवेअर चढवलं आणि ते उत्तम चालतंय. तुम्हीही करणार असाल तर आधी राउटर उलटा करून लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती वाचा. मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतली चिप बदललेली असते. ४ एमबी फ्लॅश (साठवण) आणि ३२ एमबी रॅम असलेल्या राउटरवर तर हा खटाटोप करूच नका, नवीन आवृत्त्या त्यात मावत नाहीत.