चित्रकार्डं की बोलणारा टॅबलेट?

फारसं न बोलणाऱ्या स्वमग्न मुलासाठी यातलं काय निवडावं?

चित्रकार्डांची पेक्स पद्धत 1985 साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. मूल वहीवरचं कार्ड सोडवून समोरच्याच्या हातात देतं. हे देणंच मोलाचं, कारण आपलं म्हणणं माणसापर्यंत पोचवायचं असतं हे त्यातून कळतं. चार्जिंगची भानगड नाही, फाटलं तर नवं करता येतं. पण शब्द वाढले की वही जाडजूड होते आणि हवं ते कार्ड शोधेपर्यंत मुलाचा धीर सुटतो.

टॅबलेटवरच्या ॲपमध्ये हजारो शब्द मावतात, शिवाय त्याला आवाज असतो: शब्दाचं बटण दाबलं की टॅबलेट तो मोठ्यानं बोलतो. पाठमोऱ्या आईलाही 'नको' ऐकू जातं. मला हा फरक फार मोठा वाटतो. मात्र 'अजून', 'थांब', 'मदत' ही बटणं कायम त्याच जागी हवीत. बोटांना वाट पाठ झालेली असते, जागा हलली की मूल पुन्हा चाचपडतं. मोठ्यांनीही बोलता बोलता बटणं दाबून दाखवावीत, नाहीतर मूल शिकणार कुणाकडून? आणि कार्टून बघायचा टॅबलेट वेगळा ठेवा.

अशा साधनांमुळे आहे ते बोलणंही जाईल, ही भीती मनातून काढा. विकासात्मक अडचणी असलेल्यांवरच्या अभ्यासांचा 2006 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं घटलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलं होतं.

माझा कल टॅबलेटकडे आहे. तरी कार्डांची छोटी वही पिशवीत असू द्या. बॅटरी संपली तरी मुलाला पाणी मागता आलं पाहिजे.