मिठाची कणीक की कागदाचा लगदा?

घरात पाच-सात वर्षांची मुलं असली की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी क्रेयॉन संपतात आणि तिसऱ्या दिवशी भिंत संपते. मग घरच्या घरी काहीतरी करायला घ्यावं असं ठरतं. आमच्याकडे मुलगा सातचा, धाकटी साडेचारची. गेल्या दोन वर्षांत मिठाची कणीक आणि कागदाचा लगदा दोन्ही मनसोक्त करून झालं आहे. बाजारातला रंगीत क्ले मी इथे धरलेला नाही. आठवडाभरात त्याचा एकच तपकिरी गोळा होतो. शाडू मला आवडतो, पण न भाजलेली माती एकदा हातातून पडली की रडारड ठरलेली.

कणकेचं प्रमाण तुम्हाला ठाऊक असेलच: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पुरीच्या पिठाइतकं घट्ट व्हायला लागेल तेवढं पाणी. दहा मिनिटांत गोळा मुलांच्या हातात. हा कणकेचा मोठा गुण, आणि तो मी कमी लेखत नाही. लहान मुलाला "उद्या" सांगून बघा! शिवाय कणीक ऐकते. नाक ओढलं तर नाक निघतं, काट्यानं टोचलं तर खवले उठतात. आईला मात्र पिठाशी खेळणं पटत नाही. "अन्न आहे ते," एवढंच म्हणते आणि आत जाते. तिचं अगदीच चुकतं असंही नाही. आणखी एक, कणीक चाखून थुंकून देणारं मूल चालेल. गिळणारं असेल तर हा प्रकार मोठं होईपर्यंत राहू द्या. एवढं मीठ लहान पोटाला झेपत नाही. घरात कुत्रा असेल तर त्यालाही नाही.

मे महिन्यात मुलानं कणकेची मगर केली. बडोद्यातलं पोर दुसरं काय करणार? विश्वामित्री गावाच्या मधून वाहते आणि तिच्यातल्या मगरी इथल्या प्रत्येक मुलाला घरच्यासारख्या. वीतभर लांब, तांदळाचे दात, मिरीचे डोळे. ओव्हन आमच्याकडे नाही. गच्चीवर तीन दिवस कडक उन्हात ठेवली, दगडासारखी वाळली. पोस्टर कलरनं हिरवी झाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. पाहुण्यांना दाखवून झाली, सगळं छान.

जुलैत पाऊस लागला. एका सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, मगरीला घाम आलाय." बघतो तर पाठीवर बारीक थेंब, पोटाखाली हिरवं पाणी आणि दात गळायला आलेले. पुसून पंख्याखाली ठेवली. दुपारी परत तेच. आई चष्मा लावून म्हणाली, "नक्राश्रू म्हणतात ते हेच." वरून वॉर्निशचा हात दिला, तर खालून पाझरायला लागली. नंतर कट्ट्यावर मिठाचा पांढरा थर उरला, तो खरवडून काढावा लागला.

दोष कुणाचाच नाही, मिठाचा स्वभावच तो. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदूळ टाकतो ते उगाच नाही. कोरड्या गावात, किंवा इथेच उत्तरायणाच्या सुमारास, कणकेची वस्तू महिनोन् महिने टिकत असेल. मी नाही म्हणत नाही. पण मुलाची पहिली "मूर्ती" श्रावणात विरघळताना बघणं मला परत नको होतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

लगद्याकडे मी वळलो ते आईच्या जुन्या सुपामुळे. बांबूची सुपं-टोपल्या लिंपायला कागद भिजवून, त्यात मेथी वाटून घालायची रीत तुमच्याही घरी कुणाच्या तरी आजीची असेल. ते सूप माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे आणि अजून धान्य पाखडतं. मेथी भिजली की बुळबुळीत चिकटपणा सुटतो आणि तोच कागदाला धरून ठेवतो. मैद्याची खळ किंवा चमचाभर फेविकॉल घातलं तरी चालतं, पण मेथीचा लगदा हाताला जास्त मऊ लागतो.

कामाची खुबी फाडण्यात आहे. कात्रीनं कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात आणि वाळताना एकमेकांत गुंततात. आणि फाडणं हे साडेचार वर्षांच्या मुलीचं जन्मसिद्ध काम आहे. आठवड्याची पस्ती (रद्दी म्हणा हवं तर) तिनं एका संध्याकाळी संपवली. गुळगुळीत पुरवण्या बाजूला काढा, त्या नीट भिजत नाहीत. अंड्यांचे करडे ट्रे मिळाले तर सोनंच, ते मुळात लगद्याचेच असतात. रात्रभर भिजवा आणि सकाळी कुस्करा. इथे बायकोनं नियम केला: मिक्सरच्या भांड्याला हात लावायचा नाही. तेव्हा आम्ही खलबत्त्यात कुटतो. बोटं शाईनं काळी होतात, लगदा मळकट दिसतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा धीर सुटतो. सुटू देऊ नका.

धाकटीला मगर जमत नाही, तिला वाटी जमते. स्टीलची वाटी पालथी घालायची, तिला तेलाचा हात लावायचा आणि थालीपीठ थापतात तसा लगदा थापत जायचा. कडेला तळहातानं दाबून पाणी निथळू द्यायचं. थर पातळ हवा. आमची पहिली वाटी जाड झाली होती, आत ओल राहिली आणि चौथ्या दिवशी कुबट वास येऊन तिच्यावर बुरशी धरली. ती टाकून दिली. म्हणजे लगदाही पावसाळ्यात फार शहाणा नाही. उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, तिथे ढगाळ हवेत आठवडा जातो. पण एकदा वाळला की वाळला. पुढच्या पावसात आमच्या वाट्यांना घाम आला नाही.

बारीक नक्षी, ओठ, पापण्या हवी असतील तर कणीक वरचढ आहे, ते मान्य. लगद्याचा चेहरा कांजिण्या येऊन गेल्यासारखा खडबडीत दिसतो. पण सफाईच्या बाबतीत आपण बडोदेकरांनी फार मनाला लावून घेऊ नये. ज्या गावात फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या फेअरसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या कलावंतानं खेळणी घडवली, तिथे आपली वाटी कशीही आली तरी मागेच पडणार.

पाहुण्यांची मुलं आली आणि तासाभरात काहीतरी हवं असेल तर मी अजूनही कणीकच मळतो. फक्त आधीच सांगतो की ही संध्याकाळी मोडायची. ठेवायची वस्तू असेल तर रात्री पस्ती भिजत घालतो.

मुलानं मगर पुन्हा केली, यावेळी लगद्याची. एक पावसाळा काढून ती कपाटावर बसली आहे. शेपूट तेवढी नाही. ती वाळायच्या आधीच धाकटीनं, मगर पोहते का बघायला, धरून ओढली होती.